श्रीमती गौरी यांच्या नावे बाग

आमच्या हॉलचा पार्क झाला त्याला जबाबदार मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

केंद्र सरकारच्या नोकरीत माझी एकोणतीस वर्षं झाली. आठ बदल्या झाल्या, आणि आठही गावांत मी एकच गोष्ट शिकलो, की फॉर्ममधला रकाना रिकामा ठेवू नये. रिकाम्या रकान्यात पुढे कोण काय भरेल याचा नेम नसतो. माझ्या बायकोचं, शैलजाचं, म्हणणं नेमकं उलट. ती म्हणते, तुम्ही भरलेल्या रकान्यांनीच आपली जास्त वाट लावली आहे. चंदीगडला येईपर्यंत मला हे पटत नव्हतं.

शैलजा मिरजेची. तिच्या माहेरी चैत्रगौरीची आरास बघायला सगळी गल्ली लोटायची. चैत्रात गौर माहेरपणाला येते, झोपाळ्यावर बसते, महिनाभर तिचे लाड होतात आणि अक्षय्य तृतीयेला ती सासरी परत जाते. मधल्या एखाद्या दिवशी बायकांना बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं. आठ बदल्यांत तिनं हे एकदाही चुकवलं नाही. सामान ट्रकमधून जातं, पण ती पितळेची गौर शैलजाच्या पर्समधून प्रवास करते.

गेल्या वर्षी चंदीगडमधला आमचा पहिला चैत्र. तिनं आमच्या क्वार्टर्समधल्या बावीस घरी स्वतः जाऊन बोलावणं केलं आणि दोन किलो हरभरे भिजवले. आल्या तिघी. एक लीना, इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमधली डॉक्टर, आमच्याच सांगलीकडची. तिला ड्यूटी होती, ती ओटी घेऊन पळाली. दुसरीला खरं म्हणजे वरच्या मजल्यावर जायचं होतं. तिसरीनं ताटातले हरभरे पाहिले आणि "अष्टमी तो हो गई जी" असं समजुतीच्या सुरात सांगून परत गेली. इकडे अष्टमीला मुलींना चणे आणि पुरी देतात. तिला वाटलं, आमची तारीख चुकली. न आलेल्या बायका काही वाईट नव्हत्या. चार वाजता कुणाच्या घरी नुसतं कुंकू लावून घ्यायला कशाला जायचं, हे त्यांना कळलं नव्हतं, एवढंच. आम्ही आठ दिवस उसळ खाल्ली. शैलजा एका शब्दानं काही बोलली नाही, आणि त्यामुळे मला ती उसळ गोड लागली नाही.

या वर्षी तिनं पाडव्यालाच जाहीर केलं, की लोक आपल्या पायांनी येतील अशी आरास करायची. चंदीगडच्या माणसाला बाग दाखवली की तो कुठंही येतो, हे तिनं वर्षभरात हेरून ठेवलं होतं. तर घरात बाग करायची. नुसती कुंड्यांची रांग नाही, चालता येईल अशी.

सोफा बेडरूममध्ये गेला. हॉलभर जाड प्लास्टिक, त्यावर माती, त्यावर खरीखुरी हिरवळ. चंदीगडला लागून मुल्लानपूर आहे, तिथं जिथं शेतांत टाउनशिप व्हायची आहे तिथं एक सरदारजी ती होईपर्यंत लॉन पिकवतात, आणि सतरंजीसारखं गुंडाळून देतात. भिंतींच्या कडेनं पिटुनिया, झेंडू आणि डॉग फ्लॉवर. एका कोपऱ्यात लग्नातली मोठी परात पुरून केलेलं तळं, त्यात दोन मासे. बांबूची कमान, तिच्यावर मोगरा. आणि मधोमध झोपाळ्यावर गौर, चार बोटं उंचीची. आमची मुलगी कादंबरी युनिव्हर्सिटीत शिकते. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर हिंदीत येतं. ती दारात थांबून म्हणाली, "मम्मी, टीवी देखने के लिए अब चप्पल पहननी पड़ेगी?"

बाग देखणी झाली होती. मी तसं बोलूनही दाखवलं, जे मी सहसा करत नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती.

आमच्या भागात एक उद्यान समिती आहे. ती दर वसंतात बागांची स्पर्धा घेते. शैलजा म्हणाली, "नाव लागलं की लोक बघायला येतील. आणि आलेली बाई मी ओटी भरल्याशिवाय सोडते का?" फॉर्म भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बागेचं ठिकाण: तळमजला, हॉल. लांबीरुंदी: टेप लावून मोजली, चौदा फूट बाय बारा. लोकांसाठी खुली आहे का: होय, कारण हळदीकुंकू सगळ्यांसाठी असतं. बाग कोणाच्या नावे आहे: इथं मी जरा थांबलो. आरास गौरीची, मग खोटं कशाला लिहायचं. मी लिहिलं, श्रीमती गौरी. कायमची की तात्पुरती: श्रीमती गौरी असेपर्यंत. तळं: एक, मासे दोन. माळी किती: एक. खाली तारीख घालून सही केली.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. 'खुलं लघुउद्यान' या गटात आमचा एकच फॉर्म होता, हे नंतर समजलं.

बक्षीस घेऊन समितीचे सचिव श्यामसुंदरजी आले. निवृत्त सरकारी अधिकारी, माझ्याहून कडक इस्त्रीचे. सोबत दोन कामगार आणि एक हिरवी पाटी. पाटी आमच्या टीव्हीच्या वर ठोकली गेली. पार्क नंबर सत्तावीस. वेळ सकाळी पाच ते संध्याकाळी आठ. फुलं तोडू नयेत, चेंडू खेळू नये, कुत्री साखळीला असावीत. पाठोपाठ दोन लोखंडी बाक आत आले, कारण खुल्या उद्यानाला दोन बाक मंजूर असतात.

मी म्हणालो, "श्यामसुंदरजी, ये तो हमारा हॉल है."

त्यांनी शांतपणे फाइल उघडली. आत माझा फॉर्म होता, माझ्या अक्षरात, माझ्या सहीचा. "खुला है, आपने ही लिखा है," ते म्हणाले. "और अक्षर बहुत सुंदर है आपका."

स्वतःच्या लेखी निवेदनाविरुद्ध मी आजवर कधी बोललेलो नाही. मी थँक यू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी बनियनवर, तोंडात ब्रश घालून हॉलमध्ये आलो, तर अकरा माणसं फेऱ्या मारत होती. सगळ्यांत पुढं एक उंच, पांढऱ्या बुटांतल्या बाई होत्या. त्यांचं नाव मिसेस बाजवा, हे मला पुढं कळलं. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, "भाई साहब, पार्क में ब्रश नहीं करते. घर जाकर कीजिए." मी सॉरी म्हणून बाथरूममध्ये गेलो. आत गेल्यावर राग आला, पण तोवर फेस गिळून झाला होता.

आठवड्याभरात चाळीस माणसं यायला लागली. उन्हाचा त्रास नाही, धूळ नाही, वर पंखा. आमच्या हॉलच्या पंच्याहत्तर फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, असा हिशेब मिसेस बाजवांनी बसवला होता आणि तो बरोबर होता, मी ताडून पाहिला. ज्यांना बदल हवा असे ते स्वयंपाकघरातून वळसा घालत. त्याला ते जंगलवाला रूट म्हणत, कारण तिथं कोथिंबीर आणि कढीपत्त्याची कुंडी होती. सहाला हसण्याचा क्लब असे. बारा माणसं परातीभोवती हात वर करून हसत, आणि मासे तळाला जाऊन बसत. मी पेपर वाचायला बाकावर बसलो तर शेजारचा माणूस आतलं पान मागे. कुणी मला विचारलं नाही, की तुम्ही कोण. रोज पार्कात येणारा एक माणूस, इतपत माझी ओळख झाली होती. खरं सांगायचं तर त्यात मला जरा मोकळंही वाटत होतं. कादंबरी तर खूषच होती. तिच्या मैत्रिणी अभ्यासाला येत आणि मी आत डोकावलो, की ती म्हणे, "पापा, पब्लिक प्लेस है."

शैलजाचं मात्र वेगळं होतं. पहिले दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. जिच्याकडे तिघी आल्या होत्या, तिच्याकडे आता माणसांची रीघ. ती पहाटे साडेचारला उठून काठापदराची साडी नेसायची, हळदीकुंकवाचं तबक आणि पन्ह्याचा जग घेऊन कमानीखाली उभी राहायची. "आइए जी, आइए," म्हणायची. लोक मान हलवून पुढच्या फेरीला जायचे. कुणीतरी पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, की पार्कात फेरीवाल्यांना मनाई आहे. तशी ओळ पाटीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खडूनं लिहून ठेवली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मिसेस बाजवा फेरी न थांबवता तिला म्हणाल्या, "सुनो, उस कोने में पानी कम लग रहा है. ज़रा दे देना."

शैलजानं पाणी दिलं. पुढं रोजच द्यायला लागली. कुणी म्हणे, गवत वाढलंय. कुणी म्हणे, झेंडूला कीड आहे, बघ. एकानं तर तिची माझ्याकडे तोंडभरून स्तुती केली, की इतकी इमानदार माळीण पूर्ण शहरात नाही. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. साडी जाऊन तिच्या अंगावर जुना पंजाबी ड्रेस आला, तबक देवघरात गेलं, आणि ती कुणाला "आइए" म्हणेनाशी झाली. मी तिला म्हणालो, "अगं, तू सांग ना त्यांना." ती म्हणाली, "काय सांगू? पार्कात उभं राहून कुणाला या म्हणायचं असतं का? ते आलेलेच असतात."

तरी तिनं एक प्रयत्न केला. हळदीकुंकवासाठी शुक्रवार ठरवला आणि मला रीतसर परवानगी आणायला सांगितली. मी समितीला अर्ज दिला. तीन दिवसांत उत्तर आलं. उद्यानात खाद्यपदार्थ वाटता येणार नाहीत. विशेष बाब म्हणून विचार करायचा झाल्यास अर्ज श्रीमती गौरी यांच्या सहीनं यावा. समितीच्या नोंदीनुसार अर्जदार उद्यानाशी संबंधित नाहीत. सोबत माझ्या फॉर्मची प्रत जोडली होती.

ती प्रत शैलजाच्या हातात पडली. तोवर तिनं फॉर्म पाहिला नव्हता. तिनं बाकावर बसून सगळा वाचला. श्रीमती गौरीपाशी ती हसली सुद्धा. मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"माळी किती, एक. हे कोण?"

मी म्हणालो, "रकाना होता. पाणी तूच घालतेस, म्हणून..."

"गौरीचं नाव घातलंत. स्वतःची सही केलीत. मासे किती ते लिहिलंत. माझं नाव कुठं आहे यात?"

मी फॉर्म वरून खाली वाचला. कुठंच नव्हतं. एकोणतीस वर्षं मी सरकारी कागद तपासतोय. कुणाचं नाव राहिलं असेल तर मला दुरून दिसतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते बोलून दाखवायला मी तोंड उघडलं, तर दोन माणसं आमच्यामधून फेरी मारत गेली.

"लोक नाहीत चुकले," शैलजा म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेच धरून चाललेत ते." मग ती उठली आणि नळी गुंडाळून ठेवून आत गेली. त्या दिवशी कोपऱ्याला पाणी मिळालं नाही. समितीकडे तक्रार गेली.

अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर होती. गौर गेली की आरास उतरते. पण पार्क नंबर सत्तावीस कसा उतरवायचा? मी समितीच्या ऑफिसात गेलो, बंद करण्याचा फॉर्म मागितला आणि श्यामसुंदरजींच्या समोर बसून भरला. उद्यान बंद करण्याचं कारण: श्रीमती गौरी सासरी जात आहेत.

त्यांनी वाचलं. चेहरा गंभीर झाला. "यानी मैडम का ट्रांसफर हो गया?"

"जी."

"पहले बताना था. ट्रांसफर में कौन क्या कर सकता है," ते म्हणाले आणि तिथल्या तिथं मंजुरी दिली. या शहरात निम्मी माणसं बदलीवर आलेली, उरलेली बदलीची वाट बघणारी. तो एक शब्द सगळ्यांना कळतो. फक्त एक अट होती. मॅडमनी उद्यानाला इतकं दिलं, त्यांना निरोप दिल्याशिवाय समिती पाठवणार नाही.

अक्षय्य तृतीयेला सकाळी नऊ वाजता आमचा हॉल माणसांनी भरला. चाळीस फेरीवाले, म्हणजे फेऱ्या मारणारे, नवे बूट घालून. झेंडूचा मोठा हार. एक शाल. श्यामसुंदरजींच्या खिशात दोन पानी भाषण. त्यांनी ते पूर्ण वाचलं. श्रीमती गौरी यांची शिस्त, मितभाषी स्वभाव, कुणाशी कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. टाळ्या झाल्या. मग ते हार हातात धरून इकडंतिकडं बघायला लागले.

"मैडम कहाँ हैं?"

मी झोपाळ्याकडे हात केला.

ते जवळ गेले. वाकले. खिशातून चष्मा काढून लावला. झोपाळ्यावर चार बोटांची पितळेची गौर बसली होती, कपाळाला कुंकू, पुढ्यात कैरीची फोड. श्यामसुंदरजी कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी हार खाली ठेवला आणि उभ्या उभ्या, एका पायावर तोल सांभाळत, बूट काढले. मिसेस बाजवांनी काढले. मग सगळ्यांनी. चाळीस जोड हातात घेऊन माणसं आमच्या हिरवळीवर उभी होती.

"तो ये... मंदिर है?" कुणीतरी हळूच विचारलं.

"नाही," शैलजा म्हणाली. ती कधी स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. जुना ड्रेस, हातात पाण्याची बादली. "मंदिर नहीं है जी. ये मेरा घर है."

खरं म्हणजे ते सरकारी क्वार्टर आहे आणि माझ्या नावे आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. उलट मी पुढं झालो आणि म्हणालो, "ये मेरी पत्नी हैं, शैलजा. बाग़ इनका है. सब इन्होंने किया. फ़ॉर्म में ग़लत मैंने लिखा था." माझं भाषण एवढंच. शैलजानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण बादली खाली ठेवली.

मिसेस बाजवांचा चेहरा लाल झाला होता. बहुधा त्यांना कोपऱ्यातलं पाणी आठवत असावं. माणसं एकेक करून बूट हातात घेऊनच बाहेर पडली. दारात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. श्यामसुंदरजी सगळ्यांच्या शेवटी गेले, पाटी स्वतः उतरवून काखेत मारून.

शैलजानं गौरीची पूजा केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि तिला उचलून देवघरात नेलं. बारा पावलांची बदली. मग आम्ही तिघांनी बाग उचलायला घेतली. गवत गुंडाळलं, कुंड्या बाहेर काढल्या, मासे बादलीत गेले. समितीनं बाक नेले. साडेचारपर्यंत हॉलमध्ये फक्त चिखलाचे डाग होते आणि प्लास्टिकची एक मोठी ओली घडी. हळदीकुंकवाचा हा शेवटचा दिवस. तिनं काही भिजवलं नव्हतं, कैऱ्याही आणल्या नव्हत्या.

"बोलावू या का पुन्हा बावीस जणींना?" मी विचारलं.

"नको," ती फरशी खरवडत म्हणाली. "बाग होती म्हणून येत होते. आता इथं काय आहे?"

कादंबरी म्हणाली, "मम्मी, आप हो ना." शैलजा म्हणाली, गप्प बस आणि ती घडी उचल.

मी घडी उचलायला वाकलो आणि दारावर टकटक झाली. पार्क झाल्यापासून ते दार कुणी वाजवलं नव्हतं, त्यामुळे आवाज कशाचा हे कळायला आम्हाला वेळ लागला. दार मी उघडलं.

बाहेर मिसेस बाजवा होत्या. बूट नाहीत, चालायचे कपडे नाहीत, गुलाबी रेशमी सूट, डोक्यावरून दुपट्टा. त्यांच्यामागं सकाळच्या सगळ्या बाया, जिन्यापर्यंत रांग. दार सताड उघडं होतं आणि त्यांच्यातल्या प्रत्येकीला आमच्या गॅसपासून बाथरूमपर्यंतचा रस्ता पाठ होता. पण एकीचंही पाऊल उंबऱ्याच्या आत आलं नाही.

मिसेस बाजवांनी माझ्या खांद्यावरून शैलजाकडे पाहिलं. "शैलजा जी," त्या म्हणाल्या, "हम अंदर आ जाएँ?"

शैलजा उठली. कपाळावर माती होती, ती तिनं मनगटानं पुसली आणि जास्तच पसरली. तिनं हॉलकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ओल्या घडीकडे पाहिलं, मग दारातल्या रांगेकडे.

"पाँच मिनट रुकिए," ती म्हणाली. "घर आवरना है."

आणि त्या बाहेर थांबल्या.